मदत हवी आहे: इंडोनेशियाच्या तेलाचा खप नेमका कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी. इंडोनेशियाचं कच्च्या तेलाचं उत्पादन आणि देशातला खप एकाच आलेखात दाखवायचा आहे, आणि घोडं खपाच्या रेषेवर अडलंय.

उत्पादनाचं चित्र स्पष्ट आहे. १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि पुन्हा १९९० च्या दशकात रोज १६ लाख पिंपांच्या आसपास, मग सतत उतार, आता ६ लाखांच्या घरात. सुमात्रातली मिनास आणि दुरी ही मोठी तेलक्षेत्रं म्हातारी झाली. दुरीचं तेल इतकं घट्ट की ते पातळ करायला जमिनीत वाफ सोडतात. जावातल्या बान्यू उरिप या तेलक्षेत्राने मध्यंतरी थोडा टेकू दिला, तेवढाच. २००३-०४ च्या सुमारास देश निव्वळ आयातदार झाला, २००९ मध्ये ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेतून बाहेर पडला. (२०१६ मध्ये परतला आणि त्याच वर्षी पुन्हा बाहेर. ही हौस मला अजून कळलेली नाही.)

आता प्रश्न. खप म्हणून जो आकडा मिळतो तो पेट्रोल, डिझेल वगैरे तयार इंधनांचा असतो. त्यातलं बरंचसं सिंगापूरहून शुद्ध होऊनच येतं. शिवाय डिझेलमध्ये पाम तेलाचं बायोडिझेल मिसळतात, २०२५ पासून ४० टक्के. ते वजा करायचं का? माझ्या मते करायलाच हवं, नाहीतर उत्पादन आणि खपातली तूट फुगलेली दिसेल. पण मग जुन्या वर्षांशी तुलना कशी करायची? आणि उत्पादनात कंडेन्सेट (नैसर्गिक वायूसोबत निघणारं हलकं, पातळ तेल) धरावं का? ऊर्जेच्या आकडेवारीत काम केलेल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.