आईच्या डोळ्यामागे सूज की गाठ? पुन्हा स्टेरॉइड द्यावं का?

धायरीची_लेक
आई 58 वर्षांची. गणपतीत मामेबहीण म्हणाली, "आत्या, डावा डोळा जड का गं दिसतोय?" तोवर आम्हा घरच्यांना पत्ताच नव्हता. वरच्या पापणीची बाहेरची बाजू फुगलेली, बुबुळ जरा खाली, नाकाकडे सरकलेलं. दुखत नाही, लाली नाही, नजर स्वच्छ. सीटीत अश्रुग्रंथी मोठी दिसली, रिपोर्टवर "इन्फ्लमेटरी असावं". विसोलोन 60 (स्टेरॉइडची गोळी, 60 मिग्रॅ) सुरू झालं आणि आठ दिवसांत सूज निम्मी! डोस उतरत 10 वर आला आणि पापणी परत होती तशी. आता ते डॉक्टर म्हणतात पुन्हा 60 करू. कर्वे रोडला दुसऱ्यांना दाखवलं, ते म्हणतात आधी बायोप्सी. आईला मधुमेह आहे, गोळ्यांवर साखर 340 ला गेली होती. तिचं म्हणणं, गोळीने उतरतंय तर कापाकापी कशाला?

टेकडीवाले_काका
मी निवृत्त बँकवाला, डॉक्टर नव्हे. पण "गोळीने उतरतंय म्हणजे सूजच" हे वाक्य आमच्या कोथरूडच्या घरात मीच वर्षभर घोकत होतो. उजवा डोळा, जागा हीच, दुखणं शून्य. स्टेरॉइडचे दोन कोर्स झाले, दोन्ही वेळा छान उतरलं, दोन्ही वेळा परत आलं. मग बायोप्सी केली तर तुकड्यात धड काही सापडेना, कारण मी तेव्हाही गोळ्या खात होतो. गोळ्या बंद करून थांबलो, दुसऱ्यांदा टेबलावर झोपलो, तेव्हा कळलं: लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, त्यातला सावकाश वाढणाऱ्या माल्ट जातीचा.

नंतर डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं. स्टेरॉइडने लिम्फोसाइट पेशी मरतात. त्या सुजेतल्या असोत की लिम्फोमातल्या, गोळी भेद करत नाही. म्हणून सूज उतरली यावरून निदान ठरत नाही. उलट पुरावा तेवढा पुसट होतो.

त्यापेक्षा किती दिवसांत वाढलं हे बघा. निव्वळ सूज बहुधा चार-आठ दिवसांत येते, ठणकते, डोळा लाल करते. लिम्फोमा महिनोन्‌महिने गुपचूप वाढतो. आईचा आधार कार्डावरचा फोटो, लग्नकार्यातले फोटो शेजारी ठेवून डोळा कधीपासून सरकला ते शोधा. माझा तर तीन वर्षांपूर्वीच्या मुंजीच्या फोटोत सापडला! पण "दुखत नाही म्हणजे साधं" आणि "दुखतंय म्हणजे कॅन्सर नाही", दोन्ही खोटं. त्याच ग्रंथीचा एक वाईट कॅन्सर मज्जातंतूच्या कडेने सरकतो, तो चांगला दुखतो.

तुकडा काढण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा: सीटीत हाड कसं आहे? कुरतडलेलं असेल तर घाई हवी. नुसता गुळगुळीत खड्डा पडला असेल तर ती सावकाश वाढणारी साधी गाठ असू शकते, आणि तिचा तुकडा काढायचा नसतो. आवरणासकट अख्खी काढतात, नाहीतर परत उगवते. लिम्फोमा सहसा हाड खात नाही, कणीक वाटीला चिकटावी तसा डोळ्याच्या गोळ्याभोवती बसतो.

माझं म्हणाल तर बारा वेळा रेडिएशन, एकूण 24 ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप). डोळा कोरडा पडतो, थेंब खिशात असतात. सकाळी वेताळ टेकडी चुकत नाही.

स्लाइडवाली
पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काकांच्या बोलण्यात एक भर: सर्जनना लिम्फोमाची शंका आहे का ते आधी विचारा. असेल तर सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये (टिकवायच्या द्रावात) टाकू नका म्हणावं, थोडा ताजा ठेवावा, फ्लो सायटोमेट्रीला, म्हणजे पेशींची जात ओळखायच्या तपासणीला, तसाच लागतो. शिवाय धड सूज नाही, धड गाठ नाही असा तिसरा भिडू असतो, आयजीजी-4 चा आजार (प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचा, आयजीजी-4 हे रक्तातल्या एका प्रतिपिंडाचं नाव). तोही न दुखता अश्रुग्रंथी फुगवतो, बऱ्याचदा दोन्ही बाजूंच्या, आणि तोही स्टेरॉइडला लगेच मान टाकतो. रक्त तपासा, तुकड्यावर त्याचा स्टेनही (रंग लावून करायची तपासणी) मागा. आणि ताई, गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. बायोप्सीआधी किती दिवस आणि कशा थांबवायच्या ते डॉक्टरच सांगतील.

सिंहगडरोड_72
थायरॉइड बघितलं का? मोठ्या माणसाचा डोळा पुढे आला की आधी तेच, एकाच बाजूचा असला तरी. आमच्या मेव्हण्याचं मात्र भलतंच निघालं, डोळ्याच्या स्नायूत टेपवर्मच्या अळीची गाठ. सोनोग्राफीत पाण्याच्या फुग्यात पांढरा ठिपका दिसला. अल्बेंडाझोल आणि सोबत स्टेरॉइड, काम झालं.

टेकडीवाले_काका
ते स्नायूत. यांची ग्रंथी आहे. पण थायरॉइडचं बरोबर.

धायरीची_लेक
थायरॉइड नॉर्मल आलंय. हाडाचं आज फोनवर विचारलं, "हाड साफ" म्हणाले. फोटोंत शोधलं तर संक्रांतीच्या हळदीकुंकवातच डोळा सरकलेला दिसतोय, म्हणजे गणपतीच्या आठ महिने आधी. बायोप्सी ठरवतोय. आई तयार झालीय, पण विचारतेय की चेहऱ्यावर व्रण राहील का. लेकीचं लग्न व्हायचंय म्हणते, म्हणजे माझं.

टेकडीवाले_काका
वरच्या पापणीच्या घडीतच चीर घेतात. माझी अजून बायकोला सापडलेली नाही, आणि ती चष्मा लावून शोधते.