हॉवरफ्लायच्या वर्षभराच्या नोंदी: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एकाच जागेवर वर्षभर हॉवरफ्लायच्या, म्हणजे फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्यांच्या, नोंदी ठेवतेय. ठरलेली पायवाट, ठरलेली वेळ, ऊन-वारा-ढग आणि माशी कोणत्या फुलावर होती, एवढं टिपते. एकही न दिसलेला दिवससुद्धा लिहिते, कारण तीही नोंदच आहे.

अडतंय ते ओळख पटवताना. एपिसिर्फस बाल्टिएटस ही प्रजाती पोटावरच्या जाड-बारीक जोडपट्ट्यांवरून कळते. पण कोष गार हवेत वाढला असेल तर माशी बरीच काळपट निघते, म्हणजे नुसत्या रंगावर विसंबता येत नाही. एरिस्टॅलिस वंशातल्या माशीच्या पंखातल्या शिरेचा खोलगट बाक फोटोत दिसला की वंशाचा (जवळच्या प्रजातींच्या गटाचा) अंदाज येतो, प्रजातीपाशी मात्र गाडी अडते. स्फेरोफोरिया वंशातल्या माद्या तर फोटोवरून वेगळ्या करणं फारच अवघड. त्यामानाने नर-मादी सोपं: बहुतेक प्रजातींत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना टेकलेले असतात.

तर, वंशापर्यंतच पोचलेल्या नोंदी ऋतूंची तुलना करताना कशा धराव्यात? वरून, बाजूने, चेहऱ्याचा आणि पंखाचा असे फोटो पुरतात, की थोडे नमुने पिनवर लावावेच लागतात? शक्यतो मारायच्या नाहीत. आणि अळ्यांचा तक्ता वेगळा ठेवता का? मावा खाणाऱ्या अळ्या पानांमागे सापडतात, एरिस्टॅलिसच्या लांब श्वासनळीवाल्या अळ्या साचलेल्या घाण पाण्यात. माश्या मोजत चालताना त्या नजरेला पडतच नाहीत.

कोणी असं काम सलग केलं असेल तर तुमचा तक्ता कसा आखलाय ते प्लीज सांगा.