एफवायला सी लँग्वेज सुरू झालीये, प्रोग्राम रन होतो पण उत्तर भलतंच येतं

एफवाय_वाली_पोरगी

नमस्कार, यंदा बीएससी कॉम्प्युटर सायन्सला अ‍ॅडमिशन घेतलंय, तालुक्याच्या कॉलेजला. दहावीपर्यंत मराठी मीडियम, बारावी सायन्स कशीबशी काढली, घरी कॉम्प्युटर नाही फक्त मोबाइल आहे. कॉलेज चालू होऊन तिसरा आठवडा आहे आणि लॅबमध्ये माझी काहीच टोटल लागत नाहीये. एका पीसीवर दोघी, माझी पार्टनर आधी क्लास करून आलीये त्यामुळे ती टाइप करते आणि मी बघते, आणि घरी येऊन जर्नलमध्ये तेच उतरवून काढते.

या आठवड्यात ती आली नव्हती म्हणून मी एकटीने दोन प्रोग्राम केले. पहिला फॅरनहाइटचं सेल्सिअस करायचा, सूत्र बरोबर टाकलंय, ५/९*(एफ-३२), काहीही आकडा दिला तरी उत्तर शून्यच. ९८.६ दिलं तरी शून्य, २१२ दिलं तरी शून्य. दुसरा फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार. ५ टाकलं तर १२० आलं, ७ टाकलं तर ५०४०, एवढं बरोबर आहे आणि ८ टाकलं तर -२५२१६!! गुणाकार करून उणे आकडा कसा येईल? सर म्हणाले टाइप करताना काहीतरी चुकलं असेल नीट बघ, आणि पुढच्या पीसीकडे गेले. मी तोच प्रोग्राम घरी मोबाइलवरच्या कंपायलरमध्ये (प्रोग्राम चालवायचं अ‍ॅप) टाकला (कोनिओ आणि क्लिअरस्क्रीनची ओळ काढावी लागली, त्याशिवाय चालेना) तर तिथे ४०३२० आलं, म्हणजे बरोबर.

मग चूक कोणाची? आणि खरं विचारायचं ते हे की ऑफिसमधले म्हणाले अजून पंधरा दिवस सब्जेक्ट चेंज करता येईल, तर मॅथ्सला जाऊ का? गणित मला आवडतं, हे मात्र डोक्यावरून जातंय.

हिंजवडी_रिटर्न

सी सोड, पायथॉन शीक. कंपनीत कोण सी विचारतंय आता. पायथॉनमध्ये १०० चं फॅक्टोरियल काढ, १५८ आकडी उत्तर सगळंच्या सगळं छापून देतो, उणे बिणे काही भानगड नाही.

जुना_टर्बो

वरच्या भाऊंना म्हणावं तिला पेपर सी चा आहे, सोडून कुठं जाईल ती.

अगं तुझी चूक काहीच नाहीये, म्हणजे फॅक्टोरियलमध्ये तरी नाही. लॅबमध्ये ती निळी स्क्रीन आहे ना, ते टर्बो सी. पहिल्यांदा १९८७ ला आलं होतं, डॉसच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर आहे, आम्हीपण त्याच्यावरच शिकलो आणि तेव्हाच ते जुनं वाटायचं. त्याच्यात इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा डबा, १६ बिटचा, म्हणजे त्या डब्यात -३२७६८ ते ३२७६७ एवढेच आकडे मावतात. तुझं ८ चं उत्तर ४०३२०, ते मावलंच नाही. मग काय होतं, जुन्या स्कूटरचा मीटर ९९९९९ नंतर परत शून्यावर यायचा बघ, तसंच, फक्त हा मीटर ३२७६७ नंतर शून्यावर न येता थेट -३२७६८ ला जातो आणि तिथून वर चढायला लागतो. एक फेरी ६५५३६ ची. आता तूच कर वजाबाकी, ४०३२० वजा ६५५३६.

मोबाइलवरच्या कंपायलरमध्ये इंट ३२ बिटचा आहे, डबा मोठा, म्हणून तिथे बरोबर आलं. पण तोपण काही अथांग नाही, २१४७४८३६४७ पर्यंतच. तिथे १२ टाक आणि मग १३ टाक, गंमत बघ.

शून्याचं कारण वेगळं. ५ पण पूर्णांक आणि ९ पण पूर्णांक, मग सी पूर्णांकातच भागतो आणि बाकी टाकून देतो. पाचात नऊ कितीदा जातात? शून्य वेळा. शून्याला पुढे कशानेही गुणलं तरी शून्यच की. ५.०/९ कर, झालं. वहीत लिहितो तेव्हा सूत्र आणि प्रोग्राम दिसायला सारखे दिसतात तिथेच घात होतो.

एफवाय_वाली_पोरगी

केली वजाबाकी. -२५२१६ च येतंय!!! बसल्या जागी ओरडले मी, आईने विचारलं काय झालं.

दादा पण हे पुस्तकात का नाही दिलं? आमच्या नोट्समध्ये "इंट म्हणजे पूर्णांक" एवढंच आहे.

खडू_फळा

पुस्तकात असतं गं, डेटा टाइप्सच्या तक्त्यात रेंज म्हणून एक कॉलम असतो, पोरं तो पाठ करतात आणि विसरतात. मी अठरा वर्षं हाच विषय शिकवतेय (दुसऱ्या जिल्ह्यात, तुझ्या सरांना मी ओळखत नाही, आणि एका बॅचला वीस पीसी असले की माणूस पुढे सरकतोच, त्यांचीही बाजू आहे).

तुला एकच गोष्ट सांगते. जर्नल उतरवायचं ते उतरव, त्याला पर्याय नाही, पण उतरवायच्या आधी रफ वहीत प्रत्येक प्रोग्रामचा ड्राय रन कर. म्हणजे तूच कॉम्प्युटर व्हायचं. वर आय आणि एफ असे दोन कॉलम आखायचे, प्रोग्रामची एक एक ओळ बोटाने वाचायची आणि ज्या डब्यातली किंमत बदलली तिथे जुनी खोडून नवी लिहायची. आय १ एफ १, आय २ एफ २, आय ३ एफ ६, मग २४, १२०, ७२०, ५०४०, ४०३२०. मोबाइल नको, पीसी नको, एसटीत बसल्या बसल्या होतं.

मराठी मीडियमच्या पोरांची अडचण इंग्रजीची असते असं सगळे म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, सगळे मिळून ३२ कीवर्ड आहेत जुन्या सी मध्ये आणि पहिल्या वर्षाला त्यातले पंधरासुद्धा धड लागत नाहीत. खरी अडचण वेगळीच असते. गणितात चांगली असलेली पोरगी "एक्स = एक्स + १" बघते आणि तिथेच अडते, कारण गणितात हे कधीच खरं नसतं. इथे ते बरोबरचं चिन्ह नाहीच मुळी. उजवीकडचा हिशोब आधी करायचा आणि आलेलं उत्तर डावीकडच्या डब्यात टाकायचं, एवढाच त्याचा अर्थ. बरोबर आहे का असं विचारायचं असेल तर दोन रेघा दोनदा, ==. इफच्या कंसात एकदाच दिलं तर टर्बो फार तर एक वॉर्निंग देतो आणि प्रोग्राम बिनदिक्कत चुकीचा चालतो, दरवर्षी निम्मा वर्ग यात सापडतो.

आणि एरर वीस आले तरी घाबरू नको, फक्त पहिला वाच. एक सेमीकोलन राहिला की खालच्या पाच ओळी बोंब मारतात, आणि तोही बऱ्याचदा ज्या ओळीचा नंबर दाखवतो तिच्या वरच्या ओळीत राहिलेला असतो.

हिंजवडी_रिटर्न

मॅडम पण १९८७ चं सॉफ्टवेअर आज शिकवायचं हे बरोबर आहे का? जीसीसी हा नवा कंपायलर फुकट आहे, लिनक्स फुकट आहे. पोरं व्हॉइड मेन (प्रोग्रामची सुरुवात लिहायची टर्बोवाली पद्धत) शिकून येतात आणि इंटरव्ह्यूला आम्ही ते खोडायला लावतो.

खडू_फळा

ते बरोबर नाहीच, मी भांडतेय त्यावर कॉलेजमध्ये. पण सी सोड हे पटत नाही. डेनिस रिचींनी ही भाषा १९७२ च्या सुमाराला बेल लॅब्समध्ये केली ती ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला, त्यामुळे मशीनमध्ये खरं काय चाललंय ते ती फार झाकत नाही. पायथॉनमध्ये १५८ आकडे येतात आणि पोरांना वाटतं मेमरी फुकट असते. या पोरीला तिसऱ्या आठवड्यात डबा भरतो हे कळलं. पायथॉन सेकंड इयरला घे म्हणावं, दोन आठवड्यांत येईल.

स्लिप_नंबर_सात

मी टीवायला आहे, थोडं कामाचं सांगतो. आमच्याकडे प्रॅक्टिकल परीक्षेला स्लिप उचलायला लागते, त्यावर दोन प्रोग्राम असतात आणि तेव्हा शेजारी पार्टनर नसते. त्यामुळे आत्तापासून पार्टनरला सांग, एक प्रोग्राम तू एक मी, आणि कीबोर्ड हातात घे. माझं फर्स्ट सेमला झालं ते सांगतो, प्रोग्राम अख्खा बरोबर आणि स्कॅनएफमध्ये (आकडा आत घ्यायची ओळ) & द्यायचा राहिला, रन केला की कचरा आकडे, घाम फुटला, एक्स्टर्नल शेजारी उभे. अर्धा तास लूप (परत परत फिरणारा भाग) तपासत बसलो आणि चूक वरच्या ओळीत.

टर्बोमध्ये आउटपुट दिसलं न दिसलं होत असेल तर ऑल्ट एफ५ दाब, जुनं आउटपुट दिसतं. आणि आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्यूटोरियल बघ, सी चे धडे मराठीतून आहेत, छोटे छोटे आहेत आणि फुकट आहेत. तिथे उबंटूवर जीसीसी वापरतात म्हणून तुमच्या लॅबपेक्षा थोडं वेगळं दिसेल, पण मोबाइलवर तू जे वापरतेस त्याच्याशी जुळेल.

एफवाय_वाली_पोरगी

सगळ्यांना थँक्यू. ५.०/९ केलं, मोबाइलवर ९८.६ ला ३७ आलं. ड्राय रन काल एसटीत केला, बाजूच्या काकू विचारत होत्या कसला हिशोब करतेस गं, पतसंस्थेचा का.

१३ पण टाकून बघितलं. १२ ला ४७९००१६०० बरोबर आलं आणि १३ ला १९३२०५३५०४. दादा हे तर उणे पण नाहीये, म्हणजे नुसतं बघून कळलंच नसतं चुकलंय ते! मी हाताने गुणलं तेव्हा कळलं, खरं ६२२७०२०८०० आहे. मग यातून एक फेरी वजा केली, ४२९४९६७२९६ ची, आणि जुळलं. लॅबमध्ये इंटच्या जागी लाँग (मोठा डबा) लावून आणि छापायच्या ओळीत परसेंट एलडी देऊन बघणार आहे सोमवारी, त्यात ८ तरी मावायला पाहिजे.

सब्जेक्ट चेंजचा फॉर्म अजून बॅगेत आहे, भरला नाहीये.

अजून एक, ० टाकलं तर १ येतंय. हे बरोबर आहे का परत काही गंडलंय?

जुना_टर्बो

बरोबर आहे. ड्राय रन करून बघ, लूप एकदाही फिरत नाही, सुरुवातीला एफमध्ये टाकलेला १ तसाच बाहेर येतो. गणितवालेपण १ च मानतात.