कला म्हणजे माणसाचा पिसाराच आहे का?

मूळ पोस्ट:
डार्विनने १८७१ मध्येच म्हटलं होतं की बोलता यायच्या आधी आपले पूर्वज सुरांनीच एकमेकांना भुलवत असावेत. २००० साली मानसशास्त्रज्ञ जेफ्री मिलरने तेच पुढे नेलं, कवितेने पोट भरत नाही, चित्राने वाघ पळत नाही, तरी माणूस त्यात रात्रीच्या रात्री घालवतो, म्हणजे मोराचा पिसारा जसा जोडीदाराला भुलवायला, तसा हा आपला पिसारा. बॉवरबर्ड नावाच्या पक्ष्याचा नर काड्यांचा मांडव उभारतो, त्यातली एक जात तर निळ्या वस्तू शोधून शोधून समोर मांडते, आणि ते घरटं नसतंच! मादी अंडी दुसरीकडे घालते, पिल्लंही एकटीच वाढवते. मांडव फक्त तिने बघावा म्हणून. मला हे पूर्ण पटतं.

प्रतिसाद १:
पक्ष्यांचंच बोलायचं तर पूर्ण बोला ना. २०१४ च्या अभ्यासात तपासलेल्या गाणाऱ्या पक्ष्यांपैकी ७१ टक्के प्रजातींत मादीपण गाते असं निघालं. इतकी वर्षं आपण नराचंच गाणं ऐकत बसलो म्हणून थिअरीपण नराचीच झाली. आणि अंगाई कोणाला पटवायला गातात?

मूळ पोस्टवाला:
मिलर माणसाबद्दल स्त्री-पुरुष दोघंही जोडीदार निवडतात असंच म्हणतो. ब्रिटनमधल्या ४२५ लोकांच्या २००६ च्या सर्व्हेत कवी-चित्रकारांचे जोडीदार इतरांपेक्षा जास्त निघाले, त्याचं काय?

प्रतिसाद २:
ते आकडे लोकांनी स्वतःच सांगितलेले आहेत, आणि जोडीदार जास्त म्हणजे मुलं जास्त असं होत नाही, उत्क्रांतीत मोजलं जातं ते मुलांवर. २०१५ मध्ये स्वीडनच्या दहा हजारांवर जुळ्यांवर संगीताबाबत हेच तपासलं, थिअरीला फारसा आधार मिळाला नाही. मी स्वतः गाते, आणि माझं सगळ्यात चांगलं गाणं दार बंद करून केलेल्या रियाजातलं असतं, ते कोणीच ऐकलेलं नाही. अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनने जवळपास १८०० कविता लिहिल्या, हयातीत छापल्या गेल्या मोजक्याच. हा कसला पिसारा?

मूळ पोस्टवाला:
पण तिने शेकडो कविता पत्रांतून माणसांना पाठवल्या होत्या ना! आणि मोर तरी पिल्लांचा हिशोब करून थोडाच नाचतो. गाताना तुमच्या मनात काय असतं हा एक प्रश्न, आणि गावंसं वाटणं माणसात आलंच कुठून हा वेगळा.

प्रतिसाद २:
वेगळा आहे, मान्य. पण मग त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अंगाईतून का सुरू होऊ नये? बाळाला सूर शब्दांच्या आधी कळतो, त्याला तर जोडीदार निवडायचा नसतो.