संतांचा अभंग, गायकाचा आवाज आणि व्हिडिओवर आलेला हक्काचा दावा

गोदाकाठचा भटक्या (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाशिक परिसरातील किल्ले, घाट आणि यात्रा यांवर मी माहितीपर व्हिडिओ तयार करतो. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी भरणाऱ्या संत निवृत्तिनाथांच्या यात्रेवर केलेल्या व्हिडिओवर एका संगीत कंपनीने यूट्यूबमार्फत हक्काचा दावा लावला आहे. व्हिडिओत संगीत तीन ठिकाणी आहे. आरंभी एका नामवंत गायकाच्या आवाजातील अभंगाचे ध्वनिमुद्रण मी पार्श्वसंगीत म्हणून जोडले आहे. मध्यंतरी दिंडीतील वारकरी टाळमृदंगावर गात आहेत, ते मी स्वतः ध्वनिमुद्रित केले आहे. आणि अखेरीस एका मुलाखतीच्या मागे, रस्त्यावरील ध्वनिक्षेपकावर लागलेले भक्तिगीत ऐकू येते. दावा पहिल्या आणि तिसऱ्या भागावर आहे, दिंडीवर नाही.

अभंग संतांचा आहे, तो कोणाच्या मालकीचा कसा असू शकतो, हे मला समजत नाही. वर्णनात गायकाचे नाव दिले आहे, वापरलेला तुकडा तीस सेकंदांपेक्षा लहान आहे आणि माझ्या चॅनेलवर जाहिरातीही नाहीत. शिवाय धार्मिक कार्यक्रमांना आणि लग्नकार्यांना कायद्याने सूट असल्याचे ऐकले आहे. ती येथे लागू होते का? 2027 च्या सिंहस्थासाठी मोठी मालिका करण्याचा विचार असल्याने हा प्रश्न आताच निकाली काढावा असे वाटते.

सीबीएसचा वकील

एका गाण्यावर एकच हक्क असतो, अशी समजूत आपल्या प्रश्नामागे दिसते. वास्तविक गाणे हे सामायिक जमिनीच्या सातबाऱ्यासारखे असते. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि ध्वनिमुद्रण तिसऱ्याचे, आणि प्रत्येकाची नोंद वेगळी. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमानुसार शब्द आणि संगीतरचना यांवरील हक्क रचनाकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, तर ध्वनिमुद्रणावरील हक्क ते प्रकाशित झाल्याच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे टिकतो. संतांचे शब्द सर्वांचेच आहेत, त्यावर कोणाचाही दावा चालणार नाही. परंतु त्या शब्दांना विसाव्या शतकातील एखाद्या संगीतकाराने नवी चाल दिली असेल, तर ती चाल संरक्षित असू शकते; आणि चाल पारंपरिक असली तरी ज्या कंपनीने गायकाला बसवून ते ध्वनिमुद्रण केले, तिचा त्या ध्वनिमुद्रणावरील हक्क मुदत संपेपर्यंत कायम राहतो. आपण अभंग वापरलेला नाही, त्या कंपनीचे ध्वनिमुद्रण वापरले आहे.

हाच हिशेब उलट्या दिशेनेही पाहावा. ग. दि. माडगूळकर 1977 मध्ये आणि आपल्या नाशिकचे कुसुमाग्रज 1999 मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या शब्दांवरील हक्क अनुक्रमे 2037 आणि 2059 अखेरपर्यंत चालू आहे. 1960 पूर्वीच्या एखाद्या ध्वनिमुद्रिकेची स्वतःची मुदत आज संपलेली असली, तरी तिच्यातील गीताची आणि चालीची मुदत अजून बाकी असण्याची शक्यता बरीच असते. ‘जुने गाणे म्हणजे मोकळे गाणे’ हे गृहीतक म्हणूनच धोक्याचे आहे.

तीस सेकंदांचा नियम आपल्या कायद्यात कोठेही नाही; तो कोठून आला कोणास ठाऊक, पण लोक तो पाठ म्हणून दाखवतात. कलम 52 मधील रास्त वापराची सवलत खाजगी वापर, टीका-समीक्षा आणि चालू घडामोडींचे वार्तांकन यांपुरती आहे. त्या अभंगाच्या गायकीची चर्चा करण्यासाठी आपण तो तुकडा ऐकवला असता तर युक्तिवादाला जागा होती. दृश्य भावपूर्ण व्हावे म्हणून खाली लावलेल्या संगीताला ती नाही. श्रेय देणे हा सभ्यपणा आहे, परवाना नव्हे. उत्पन्न नसल्याचा उपयोग मर्यादित आहे: कलम 63 खालील किमान शिक्षेत न्यायालय सूट देऊ शकते, पण हक्कभंग झालाच नाही असे त्यामुळे ठरत नाही.

धार्मिक कार्यक्रमांची सवलत खरी आहे. कलम 52 नुसारच प्रामाणिक धार्मिक विधीच्या ओघात गाणे सादर करणे किंवा ध्वनिमुद्रण लोकांना ऐकवणे हा हक्कभंग नाही, आणि विवाहाची वरात व त्यासंबंधीचे समारंभही त्यात येतात. जुलै 2023 मध्ये केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने विवाहांबाबत काढलेल्या सूचनेत हेच म्हटले होते, पण ती सूचना पुढे न्यायालयाने रद्द केली. मात्र ही सवलत त्या प्रसंगी, त्या जागी वाजलेल्या संगीताला आहे. तेच संगीत व्हिडिओत गुंफून पुढे वर्षानुवर्षे जगभर उपलब्ध ठेवणे विधीच्या ओघात घडत नाही. आपल्या तिसऱ्या भागाचे दुखणे नेमके येथे आहे, आणि मला स्वतःला कायद्याची ही बाजू कठोर वाटते. पार्श्वभूमीला ओघाने येणाऱ्या कलाकृतीला, म्हणजे चित्राला किंवा शिल्पाला, चित्रीकरणात सूट आहे. सहज कानावर पडलेल्या संगीताला तशी शब्दबद्ध सूट नाही.

कॅफे, गंगापूर रोड

वकील साहेबांचे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने योग्य असेल, परंतु व्यवहार वेगळा दिसतो. आमच्या कॅफेच्या रीलवर आम्ही चालू हिंदी-मराठी गाणी लावतो, शहरातील बहुतेक हॉटेले आणि कपड्यांची दुकाने तेच करतात, आणि ती गाणी इन्स्टाग्राम स्वतःच निवडीसाठी समोर ठेवते. अॅपने दिलेले गाणे वापरणे बेकायदा कसे होईल? ज्याच्या-त्याच्या मागे लागायला कंपन्यांना वेळ तरी आहे का?

पंचवटीतील ध्वनिमुद्रक

अॅपने संगीत कंपन्यांशी केलेले करार मुख्यतः वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी आहेत. म्हणूनच व्यावसायिक खात्याला गाण्यांची यादी तोकडी दिसते आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिचा स्वतंत्र ध्वनिसंग्रह पुढे केला जातो. खाते वैयक्तिक ठेवून त्यावरून कॅफेची जाहिरात केली, तर गाणे यादीत दिसते खरे, पण त्या वापराची परवानगी मिळत नाही. वर्गणी भरून गाणी ऐकण्याचे अॅप घेतले, तरी तेथे विकत मिळते ते ऐकणे. कंपन्यांना वेळ आहे का, हा प्रश्न ज्याने-त्याने आपल्या जोखमीवर सोडवावा. धंदा जितका नावारूपाला येईल तितके उत्तर महाग पडेल, एवढेच मी म्हणेन.

गोदाकाठच्या मित्रांना सिंहस्थाच्या मालिकेसाठी माझी सूचना अशी की, येथील एखाद्या संवादिनीवादकाकडून किंवा बासरीवादकाकडून स्वतंत्र संगीत करून घ्यावे. खर्च वाटतो तितका येत नाही, आणि प्रत्येक भागात तीच धून आल्याने मालिकेला स्वतःची ओळख मिळते. परंतु ओळखीच्या माणसाबरोबर तोंडी ठरवणे टाळावे.

सीबीएसचा वकील

त्यास पुस्ती जोडतो. परवाना लेखीच हवा, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती 5 वर्षे धरतो. प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. यूट्यूबवरील व्हिडिओ अमेरिकेतही दिसतो, म्हणून ‘संपूर्ण जगासाठी’ आणि ‘हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द करारात असावेत, शिवाय चाल आणि ध्वनिमुद्रण या दोन्हींचा स्वतंत्र उल्लेख असावा. दिंडीच्या भागावर दावा आला नाही म्हणून तो आपोआप मोकळा समजू नये. गायक-वादकांना सादरकर्ते म्हणून कलम 38 खाली 50 वर्षांचा वेगळा हक्क आहे. दिंडीप्रमुखांची लेखी संमती घेऊन ठेवणे कायद्याने हिताचे आणि रीतीलाही धरून होईल.

गोदाकाठचा भटक्या

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. सध्याच्या दाव्याला आव्हान द्यावे, की व्हिडिओ काढून टाकावा? चॅनेल बंद पडण्याची भीती वाटते.

पंचवटीतील ध्वनिमुद्रक

दावा आणि स्ट्राइक या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कंटेंट आयडी ही यंत्रणा व्हिडिओतील आवाज हक्कधारकांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते आणि जुळणी झाली की दावा लावते. त्यानंतर व्हिडिओवरील जाहिरातींचे उत्पन्न घ्यायचे, नुसती पाहणी करायची की व्हिडिओ रोखायचा, हे हक्कधारक ठरवतो. चॅनेलला धोका असतो तो कायदेशीर विनंतीवरून व्हिडिओ हटवला गेल्यावर लागणाऱ्या स्ट्राइकचा. 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाल्यास चॅनेल बंद होऊ शकते. आव्हान दिल्यास दावेदाराला उत्तरासाठी 30 दिवस मिळतात, पण आपल्याकडे परवाना नसताना आव्हान आणि अपील रेटत नेले, तर साधा दावा स्ट्राइकपर्यंत पोहोचू शकतो. पारंपरिक चालीचे आपण स्वतः केलेले ध्वनिमुद्रण यंत्रणेने चुकून जुळवले असते, तर मीच आपल्याला भांडायला सांगितले असते.

व्हिडिओ काढण्याची गरज नाही. यूट्यूबच्या संपादकात दाव्याखालील तुकडा कापता येतो, त्याचा आवाज बंद करता येतो किंवा तेथे ऑडिओ लायब्ररीतील संगीत बसवता येते. असे केल्यावर दावा सुटतो, व्हिडिओचा दुवा आणि दर्शकसंख्याही कायम राहते. पहिल्या भागात संगीत बदलावे, किंवा आपल्याच दिंडीच्या मुद्रणातील टाळांचा तुकडा संमती घेऊन तेथे वापरावा. मुलाखतीत बोलणे वाचवून मागचे गाणे पुसण्याचा पर्याय त्याच संपादकात आहे, पण त्याचा निकाल नेहमी समाधानकारक लागत नाही. तसे झाल्यास तेवढा भाग नि:शब्द करून मुलाखतीचा मजकूर पडद्यावर द्यावा. पुढच्या वेळी रामकुंडावर चित्रीकरण करताना कॉलरला लावायचा माइक वापरा आणि ध्वनिक्षेपकापासून शक्य तितके दूर उभे राहा.