मदत हवी आहे: गोळी घेतल्यावर भाऊ जास्तच बिघडला

वैतागलेली_ताई: धाकट्या भावाला केंद्रातून गोळी सुरू केली. सकाळी आठला घेतली आणि तासाभरात घाम, उलट्या, पोटात मुरडा, नुसता गादीवर लोळतोय. आधी यापेक्षा बरा होता! ‘परत घेणार नाही’ म्हणतो. गोळी बंद करू का? उपदेश नकोत.

भोचक: कसली गोळी? डोकेदुखीची पण गोळीच असते.

वैतागलेली_ताई: जिभेखाली ठेवायची हो. गर्द सुटावं म्हणून. दुसरी कुठली असणार?

निवांत: म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. शेवटचं गर्द कधी ओढलं होतं?

कडक_शिस्त: गोळ्याबिळ्या थोतांड. एक व्यसन सोडवायला दुसरं. २१ दिवस खोलीत कोंडा, बाहेरून कडी. माझा आतेभाऊ असाच सुटला. त्याची दारू होती, पण तत्त्व तेच.

निवांत: अजिबात तेच नाही. कोंडलं की अंगाची सवय उतरते. मग बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतलं की श्वास थांबतो. माझा मित्र सुटून आल्यावर चौथ्या दिवशी गेला. आणि हे ‘थोतांड’ २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. ताई, वेळ सांगा.



वैतागलेली_ताई: केंद्रात त्याने दोन दिवस घेतलं नाही म्हणून सांगितलं. पण आत्ता बाथरूममध्ये गर्द ओढायची पन्नी सापडली. विचारलं तर म्हणतो, पहाटे तीनला. पाकिटावर नॅलोक्झोन पण लिहिलंय, त्यानेच झालं का?

निवांत: नाही. नॅलोक्झोन म्हणजे गर्दचा असर उतरवणारं औषध, पण ते जिभेखालून जवळजवळ शोषलंच जात नाही. कुणी गोळी विरघळवून टोचू नये म्हणून ते घालतात. ही टर्की, म्हणजे गर्द तुटल्याचा त्रास, ब्युप्रेनॉर्फिननेच आणली. मेंदूत गर्द जिथे बसतं तिथून ते त्याला ढकलून देतं, पण स्वतःचा जोर अर्धाच. म्हणून शेवटच्या गर्दनंतर निदान १२ तास जाऊ द्यायचे. जांभया, गळकं नाक, अंगावर काटा सुरू झाला की मग पहिली गोळी. मेथाडोनवरून (तेही गर्द सोडवायचंच औषध, पण लांब टिकणारं) येणाऱ्याला आणखी थांबावं लागतं. गोळी वाईट नाही, वेळ चुकली. आत्ताच केंद्रात फोन करून खरी वेळ सांगा. उलट्या थांबत नसतील तर सरळ दवाखाना. दुखणं दाबायला वरून गर्द घेऊ देऊ नका.

भोचक: घरात वेगळं नॅलोक्झोनही मागून ठेवा. श्वास मंदावला, ओठ निळे पडले तर तेच लागतं. असर ३० ते ९० मिनिटंच, म्हणून दिल्यावरही रुग्णवाहिका बोलवायची, एकटं सोडायचं नाही.

कडक_शिस्त: म्हणजे खुशाल घ्या, औषध तयार आहे!

भोचक: घरात वाळूची बादली आहे म्हणून कुणी आग लावतं का?

वैतागलेली_ताई: फोन केला. डॉक्टरांनी त्याच्याशीच बोलायला मागितलं आणि मला खोलीबाहेर काढलं. तीन नव्हे, साडेसहा वाजता घेतलं होतं. आता तिकडेच निघालोय, बादली घेऊन.