बाळाची पुसायची फडकी: शिवणं सोपं आहे, धुणार कोण?

धावदोरा (डोंबिवली):

माझी लेक सात महिन्यांची आहे. पहिले तीन महिने आम्ही विकतचे ओले वाइप्स वापरले. दिवसाला दहा धरले तरी 72 च्या पाकिटातली महिन्याला चार पाकिटं संपायची. मला वाटायचं तो कापूसच असतो. एकदा नीट चौकशी केली तेव्हा कळलं की बऱ्याच वाइप्समध्ये पॉलिएस्टरचे धागे असतात, म्हणजे प्लास्टिकच. ते कुजत नाहीत. माझ्या लेकीचं लग्न होईल तेव्हाही ते कचरा डेपोवर तसेच पडलेले असतील. हे काही केल्या मनातून जाईना.

मग आजेसासूबाईंची मलमलची विरलेली साडी काढली. आठ इंचाचे चौकोन कापले. एका बाजूला मलमल आणि दुसऱ्या बाजूला फलालीन घेतलं. सुलट बाजू आतल्या अंगाला ठेवून चारही कडांना टीप मारली, दोन बोटं जागा सोडून तिथून उलटवलं आणि वरून परत एक टीप घातली. दोन दुपारच्या झोपांत तीस फडकी झाली. नवं कापड घेणार असाल तर आधी दोनदा धुवून खळ काढा, नाहीतर ते पाणी शोषत नाही. मांजरपाट मात्र नको, तो कोवळ्या कातडीला खरखरीत लागतो.

प्रत्येक घरात हे व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

काळीमाती (लातूर):

ताई, तुमची तळमळ कळते, पण 'प्रत्येक घरात' म्हणू नका. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, आठवतंय ना? आमच्या गल्लीत आजही आठ दिवसांनी नळ येतो. मध्येच संपलं तर टँकर. शीचं फडकं आधी खळबळायचं, मग साबण, मग दोन पाण्यांतून काढायचं. ते पाणी कुठून आणू? माझ्याकडे वाइप्सचं पाकीट आहे ते चैन म्हणून नाही.

आणि दुसरं म्हणजे ही फडकी धुते कोण? आमच्याकडे सून धुते. तुमच्या लेखात शिवण्याबद्दल एवढं आहे आणि धुण्याबद्दल एक ओळ नाही.

नातवंडांची आजी (सांगली):

शिवायचं तरी कशाला? मी तीन मुलं आणि पाच नातवंडं वाढवली. यांची जुनी धोतरं हाताने टर्रकन फाडायची, झालं फडकं. फाडलेली कड मऊ असते, टीप मारलेली कड टोचते. दुहेरी केलं की वाळतही नाही. तुमचं फलालीन आषाढात वाळवून दाखवा बरं. आम्ही निखाऱ्यावर टोपली पालथी घालून लंगोट वाळवायचो, त्यातच ओवा-वेखंडाची धुरी व्हायची. आता फ्लॅटमध्ये शेगडी कुठली?

आणि मुळात आपल्याकडे बाळाला पुसत नाहीत गं, धुतात. पायांवर पालथं घ्यायचं, तांब्याने कोमट पाणी सोडायचं, की झालं स्वच्छ. फडकं लागतं ते नंतर टिपायला. ओल्याने पुसत बसायची सवय पाकिटांनी लावली. आता तीच सवय कापडाची करून काय मिळवलं?

थेम्सकाठ (लंडन):

आजींशी सहमत, पण इथे तसं धुणं सोपं नाही. बाहेर बदलायच्या जागेत हात धुवायचं बेसिन असतं, बाळ धुवायची सोय नसते, म्हणून सगळेच वाइप्सवर. ते टाकतात कुठे? पुष्कळ लोक संडासात. 2017 मध्ये इथल्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी, वाइप्स आणि डायपर यांचा एक गोळा सापडला. लांबी 250 मीटर, वजन सुमारे 130 टन. दगडासारखा घट्ट झालेला तो गोळा कामगारांनी आत उतरून फोडला. त्यानंतर माझ्या हातून एकही वाइप संडासात गेला नाही. मी घरी कापड वापरते, आणि बाहेर जाताना चार ओली फडकी डब्यात घेते.

कसारा लोकल:

मुलगा पाळणाघरात नऊ तास असतो. मीही उत्साहाने पंधरा फडकी शिवून दिली होती. तिसऱ्या दिवशी ताईंनी पिशवी परत दिली, 'आम्ही शीची फडकी सांभाळणार नाही'. मला राग नाही आला. बारा मुलं आणि दोन बाया, त्यांनी कुणाकुणाचं धुवायचं? रात्री साडेआठला घरी पोचून बादलीतली बुरसलेली फडकी उपसायची ताकद माझ्यात नव्हती. नोकरी करणाऱ्या बाईला यावरून अपराधी वाटायला लावू नका, एवढंच सांगते.

पांढरी साडी (रत्नागिरी, परिचारिका):

मी नवजात बाळांच्या विभागात काम करते. साधं पाणी आणि मऊ सुती कापड बाळाच्या कातडीला पुरतं. विकतच्या वाइप्समध्ये टिकण्यासाठी रसायनं घालावी लागतात. त्यातल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनने लोकांना इतकी अ‍ॅलर्जी होऊ लागली की युरोपात 2017 पासून कातडीवर राहणाऱ्या उत्पादनांत त्यावर बंदी आहे. घेणार असाल तर पाकिटामागची यादी वाचाच.

पण घरगुती फडकीवाल्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे. फडकी तेल-साबणाच्या पाण्यात भिजवून डब्यात भरून ठेवू नका. दोन दिवसांत बुरशी धरते, आणि तेलामुळे कापड पाणी शोषेनासं होतं. कोरडी ठेवा, वापरताना भिजवा. पाण्यात निलगिरी तेल किंवा कापूर अजिबात नको, तान्ह्याला ते घातक आहे. बाळाला जुलाब असतील तर फडकी उकळा. मुलीला पुसताना पुढून मागे. आणि पावसात अर्धवट वाळलेलं फडकं वापरण्यापेक्षा तो वाइप बरा, हे मी सुती कापडाच्या बाजूची असूनही सांगते. दमट कापडाने जांघेत होणारे लालभडक चट्टे मी दर पावसाळ्यात बघते.

धावदोरा:

सगळ्यांचं दोनदा वाचलं. काळीमाती, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: पहिले दोन महिने मीच धूत होते, आणि दमत होते. आता सकाळची बादली नवऱ्याची, रात्रीची माझी. त्याने पहिल्या दिवशी नाक दाबलं होतं, आता काही वाटत नाही त्याला. पिवळे डाग घासायचे नसतात, ओलं फडकं उन्हात टाकलं की आपोआप फिकट होतात, हेही त्यानेच शोधलं.

आजी, तुमचं ऐकून फलालीन उसवलं. एकेरी मलमल काल पंख्याखाली अडीच तासांत वाळली, दुहेरी आज सकाळीही दमट होती.

आणि पाणी मोजलं. अकरा फडकी वेगळी धुतली तर पाऊण बादली लागते. लंगोटांच्याच पाण्यात धुतली तर एक-दोन तांबेच जास्त. 'प्रत्येक घरात' हे शब्द मी मागे घेते.

काळीमाती:

पाऊण बादली म्हणजे आमच्याकडे सासऱ्यांची अंघोळ. पण लंगोट तर धुतेच मी. नळाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फडकी, पुढे पाकीट, एवढं जमेल. सासऱ्यांचं एक जुनं धोतर सासूबाईंकडून आजच मागून घेतलंय. कडा फाडलेल्याच ठेवते.